भिंतीकडं तोंड

शेषेराव मामांना मी भर अंगणात शिव्या दिल्या, अन् दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीच्या दारात डोकं टेकवलं. दोन्हींतलं एकही मला मागं घ्यायचं न्हाई.

मी उज्वला, गावची आशा. अहमदपूरपासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव. कोणाला ताप आला, कोण बाळंत झाली, कोणाला कुत्रं चावलं, हे सगळ्यात आधी मला कळायला पाहिजे अशी माझी नोकरी हाय. पण कुत्रं चावलं की गावातलं एकही माणूस माझ्या दारात येत नव्हतं. सगळे जायचे शेषेराव मामांच्या दारात. मामा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. सतरा वर्षं ह्याच गोष्टीवरून मी त्यांच्याशी भांडत आले, अन् सतरा वर्षं ते ऐकून घ्यायचे, मग म्हणायचे, चहा ठेव सूनबाई, बोलून बोलून घसा कोरडा पडला असंल तुझा.

मामांची चार एकर कोरडवाहू जमीन होती, पण शेतात त्यांचं मन कधी लागलं न्हाई. अख्खी जिंदगी त्यांनी अहमदपूरच्या मोंढ्यात रखवालदारी केली. तीस वर्षं. रात्रभर धान्याच्या थप्प्या राखायच्या, अन् सोबतीला कोण, तर मोंढ्यातली बेवारशी कुत्री. माणूस न्हाई तर काय करणार, ते कुत्र्यांशीच बोलत बसायचे. बोलायचे म्हणजे तोंडानं न्हाई. नुसतं बघत राहायचे. त्यातून ते शिकले, अन् जे शिकले ते कोणत्या पुस्तकात असंल असं मला वाटत न्हाई.

ते म्हणायचे, कुत्रं आधी कानानं बोलतं, मग शेपटीनं, अन् भुंकणं हे त्याचं सगळ्यात शेवटचं बोलणं. तुम्ही लोक शेवटचं तेवढं ऐकता अन् दगड उचलता. शेपूट हललं म्हणजे खूश झालं असं न्हाई; ताठ वर धरून हलवलं तर ते दम देऊन राहिलंय. जांभई दिली म्हणजे झोप आली असं न्हाई. घाबरलं की कुत्रं जांभई देतं. अन् अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं न्हाई. नजरेला नजर दिली की त्याला ते भांडणाचं आमंत्रण वाटतं. कुणाचं कुत्रं चावलं अशी खबर आली की मामा तिथं जायचे, कुत्र्यापासून दहा हातांवर त्याच्याकडं पाठ करून खाली बसायचे, बाजूला भाकरीचा तुकडा टाकायचे. पाठ दाखवली की कुत्र्याला कळतं, ह्याला माझ्याशी भांडायचं न्हाई. बरं कुत्रं असलं की येऊन पाठीचा वास घ्यायचं. पिसाळलेलं असलं की नुसत्या आवाजावरून, पावलावरून मामांना कळायचं. मग ते उठायचे अन् सांगायचे, सुया घ्या. न्हाईतर सांगायचे, काही न्हाई, घरी जा.

आता तुम्ही म्हणाल, मग तू भांडत का होतीस? तर भांडण त्या 'घरी जा'वरून होतं. माणूस चुकतो, दवाखाना सहसा चुकत न्हाई, हे माझं म्हणणं. अन् दुसरं म्हणजे त्या विहिरी. आमच्याकडं कुत्रं चावलेल्या माणसाला सात विहिरींत डोकावायला लावतात. पाण्यात बघून माणूस घाबरला न्हाई तर इख उतरलं म्हणायचं. मामांचा त्याच्यावर काडीचा इश्वास नव्हता, पण लोकांना पाहिजे म्हणून तेही करायचे. आता गावात सगळीकडं बोअर झाले. पाणी असलेल्या विहिरी चारच राहिल्या. मग मामा त्याच विहिरींना पलीकडच्या अंगानं डोकावायला लावून सात भरायचे. मी हसले की म्हणायचे, मोजून राहिलंय कोण?

पण खरं सांगते, माझाही त्यांच्यावर भरवसा होता. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष होतं. माझ्या दिराला अन् शेजारच्या किशनरावला एकाच दिवशी एकाच कुत्र्यानं धरलं. कुत्रं दिसायला इतकं गरीब की किशनराव हसत घरी गेला. मामांनी ते कुत्रं रस्त्यावरून जाताना एकदाच बघितलं अन् दिराला म्हणाले, आत्ता मोटारसायकल काढ. हे कुत्रं वास न घेता चाललंय. कुत्रं चालताना खांब, दगड, चाक, कशाचा तरी वास घेतंच. न घेता सरळ चाललं म्हणजे ते आता कुत्रं राहिलं न्हाई. दीर गेला, सुया घेतल्या, आज दोन लेकरांचा बाप हाय. किशनरावलाही मामा सांगायला गेले, तो न्हाई गेला. दोन महिन्यांनी तो कसा गेला ते मी बघितलंय. म्हणून मी पुढं आशा झाले, असं म्हटलं तरी चालंल.

साखराबाई, म्हणजे आमच्या मामी, दोन वर्षांमागं वारल्या. मुलगा दयानंद चाकणला कंपनीत. मामा एकटे शेतातल्या आखाड्यावर राहायला गेले, पत्र्याची एक खोली अन् पुढं कडबा, अन् सोबतीला काली. काली त्यांची कुत्री, पाच वर्षांची, पुढच्या एका पायाला पांढरा मोजा. लई कडक बाई. लाड न्हाई, लोळणं न्हाई, हात लावला तर उठून बाजूला बसणार. पोलीस खात्यातून आली म्हणायचो आम्ही. मामांना मात्र तिचं सगळं कळायचं अन् तिला मामांचं. ते चप्पल कोणती घालतात त्यावरून तिला कळायचं की गावात जायचंय का रानात. मामींच्या आठवणीनं ते गप झाले की ती येऊन दोन हातांवर बसायची, बस. त्याच्यापेक्षा जास्त न्हाई. मामा म्हणायचे, तेवढं लई झालं.

मागच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सोयाबीनची रास चालू होती. माझी पोरगी दीपमाला, सहावीत हाय, सायकलवरून शाळेतून येताना मामांच्या आखाड्याजवळ पडली. गुडघा चांगला सोलला. मामांनी तिला उचलून बाजेवर बसवलं, पाणी पाजलं. तेवढ्यात काली आली अन् पोरीचा गुडघा चाटायला लागली. अन् मामांनी चाटू दिलं. आमच्या लोकांचा पक्का समज हाय की कुत्र्याच्या जिभेला औषध असतं, जखम चाटली की भरून येती. इख दातात, जिभेत न्हाई, असं म्हणतात. तीस वर्षं कुत्र्यांत काढलेला माणूस, त्याचाही तोच समज. स्वतःच्या टाचांच्या भेगाही ते तिच्याकडून चाटून घेऊन राहिले होते, चार दिवसांपासून.

संध्याकाळी दीपमालानं मला सांगितलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा गुडघा नळाखाली धरून साबणानं घासला, ती रडली तरी घासला, अन् तशीच आखाड्यावर गेले. मामा बाजेवर बसले होते अन् काली त्यांचे पाय चाटत होती. मी कालीला असं कधीच बघितलं नव्हतं. मी म्हटलं, मामा, ही अशी कधीपासून करायला लागली? तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, उज्वला, पाच वर्षांत पहिल्यांदा माया करून राहिली. तिला कळलं असंल, मी एकटा पडलो ते.

त्या माणसाला दोन वर्षांत कोणी मायेनं हात लावला नव्हता. वर त्यांनीच मला विचारलं, चावली का? दात लागला का? न्हाई ना? मग कशाला पोरीला टोचतीस. अन् मी, गावाला सतरा वर्षं ओरडून सांगणारी मी, घरी आले. आम्हाला शिकवलंय की सुई आधी चालू करायची अन् कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. मी नुसती नजर ठेवायचं ठरवलं. रास चालू होती, अहमदपूरला जायचं म्हणजे दिवस मोडायचा, अन् सांगणारे शेषेराव मामा होते. ही सगळी कारणं मी रोज मोजते अन् एकही कामाचं निघत न्हाई.

तिसऱ्या दिवशी मी बघायला गेले. काली खोलीत कोपऱ्यात बसली होती, भिंतीकडं तोंड करून. मामांकडं पाठ. बोलावलं तर कान हलला, पण मान वळली न्हाई. भाकरी तशीच पडलेली. मामा म्हणाले, रुसली, काल मी तिला न सांगता मोंढ्यात गेलो ना. मला ते पटलं. नवरा रुसतो, पोरगी रुसती, कुत्री का रुसणार न्हाई. मग मोहिमेचं काम आलं, घरोघर फिरणं आलं, मधले दिवस तसेच गेले. दहाव्या दिवशी मात्र मी मुद्दाम गेले. काली दिसली न्हाई. विचारलं तर म्हणाले, धनगरांचा कळप देवणीकडं चालला होता, त्यांच्या कुत्र्यामागं गेली. कालच सडकेवर बघितली, ठणठणीत हाय.

माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी पोरीला शिरा करून खाऊ घातला.

त्यानंतर मामा गावात कमी दिसायला लागले. कोणाला कुत्रं चावलं अन् बोलावणं गेलं तर म्हणायचे, मला नका विचारू, उज्वलाकडं जा. मला वाटलं, म्हातारा सुधारला. चारचौघींत मी ते मिरवलंही.

डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. मामा फाटकापाशी येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले न्हाईत. अंगावर घोंगडी, डोळे लाल, अन् सारखी गिळल्यासारखी मान हलवून राहिलेले. मी तांब्या उचलला तर दोन पावलं मागं सरकले.

"उज्वला, काली मेली. सहाव्या दिवशी. धनगराचं मी खोटं सांगितलं. पोरीला आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

मला आधी कळलंच न्हाई. मग ते सांगत गेले, तुटक तुटक, मधेच थांबून. पाच दिवसांपासून टाचेला मुंग्या येत होत्या. मग ताप. काल दुपारपासून चहा गिळवेना. आज पहाट फुटल्यावर ते उठून पाटलाच्या विहिरीवर गेले, ज्या विहिरीत त्यांनी शेकडो माणसं डोकावायला लावली, अन् ज्याच्यावर त्यांचा कधीच इश्वास नव्हता. वाकले. पाणी दिसलं अन् गळा आवळला गेला. दुसऱ्या विहिरीवर गेले. तेच. तिसरीला गेले न्हाईत, सरळ माझ्याकडं आले.

तेव्हा मी शिव्या दिल्या. ज्या तोंडानं मी त्यांना सतरा वर्षं मामा म्हटलं त्याच तोंडानं. बेइमान म्हटलं, पोरीचा जीव घेतलास म्हटलं, कुत्री मोठी झाली का तुला माझ्या लेकरापेक्षा म्हटलं. अरेतुरे केलं. शेजारची माणसं जमा झाली. मामा मान खाली घालून उभे होते. माझा श्वास संपला तेव्हा एवढंच म्हणाले की तिनं आणखी कोणाला चाटलं न्हाई, आखाड्यावर येणाऱ्या सालगड्यालाही न्हाई, मी आठवून आठवून बघितलं. मला मागून न्या, पोरीला आधी.

नवऱ्यानं टेम्पो काढला. अहमदपूरला पहिली सुई दिली, पण जखमेत टोचायचं सीरम तिथं नव्हतं, म्हणून नांदेड. रस्ताभर दीपमाला विचारत होती की आता तर गुडघा बरा झाला ना. गुडघ्यावर फिकट डाग राहिला होता, तेवढाच. डॉक्टरनं त्या डागाभोवतीच सीरम टोचलं. ती माझा हात धरून किंचाळली. डॉक्टरनं मला विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं, आशा. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उशीर झालाय, पण अजून लक्षण न्हाई म्हणजे आशा हाय, असं तो म्हणाला, अन् चारही इंजेक्शनं वेळेवर द्या.

मामांना दुपारी गाडीनं त्याच दवाखान्यात आणलं. कडेची एक खोली होती, पंखा बंद, खिडकीला चादर लावलेली, कारण वारा लागला तरी त्यांचं अंग आखडायचं. दयानंद चाकणहून निघाला होता, पोचला नव्हता. पोरीला डॉक्टरनं एक रात्र ठेवून घेतलं होतं, म्हणून आम्हीही तिथंच होतो. दुसऱ्या दिवशी मी मामांच्या दारापर्यंत गेले. आत जाऊ देत नव्हते अन् माझीही हिंमत नव्हती. मधे मधे ते शुद्धीवर असायचे, अगदी पहिल्यासारखे. मी दारातूनच विचारलं, का खोटं सांगितलं? ते अडखळत सांगायला लागले.

सहाव्या दिवशी कालीचा जबडा खाली लोंबला, लाळ गळायला लागली, आवाज घोगरा झाला, तेव्हा त्यांना कळलं होतं. पण कळून घ्यायचं नव्हतं. गावानं कालीला पिसाळलेली म्हटलं असतं, टोळक्यानं येऊन दगडांनी ठेचलं असतं. ती त्यांच्या मांडीजवळ मेली अन् बांधाच्या कडेला बाभळीखाली त्यांनी तिला पुरलं. दात लागलाच न्हाई तर पोरीला काय व्हायचंय, असं स्वतःला समजावलं. अन् इतकी वर्षं गावाला कुत्री ओळखून दिली, स्वतःची ओळखता आली न्हाई, हे कोणत्या तोंडानं सांगायचं.

मग ते म्हणाले, "तिनं मला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशीच. पाठ केली माझ्याकडं. तिला मला चावायचं नव्हतं. अन् मी म्हटलं, रुसली."

मी तिथंच दाराच्या फरशीवर डोकं टेकवलं. माफ केलं म्हणून न्हाई. मीही तिथं उभी राहून तेच बघितलं होतं, अन् तेच म्हटलं होतं.

इतक्यात दीपमाला माझ्यामागून आली. तिला मी बाकड्यावर बसवून ठेवलं होतं, ती कधी उठली कळलंच न्हाई. तिनं दारातून आत डोकावून हाक मारली, आबा. मामांनी तिच्याकडं एकदा बघितलं. तोंडाला फेस आलेला, हात बांधलेले. कसंबसं अंग वळवलं, अख्खं, अन् भिंतीकडं तोंड करून पडले. पोरीकडं पाठ. ती म्हणाली, आई, आबा रुसले का? मी तिला उचललं अन् बाहेर घेऊन आले. उचलायच्या वयाची न्हाई ती आता, तरी उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले. त्यांच्या मातीला गावातली कमी माणसं आली. काहींना वाटलं, जवळ गेलं तर लागतं. काहींना राग होता. मला राग होता तरी मी गेले.

दीपमालाची चारही इंजेक्शनं झाली. आता चैत्र लागलाय. डॉक्टर म्हणतात, आता फिकीर करू नका. मग विचारलं की किती दिवस बघायचं, तर वर्षभर म्हणतात. मामांच्या दारात लोक अजून येतात, लांबच्या गावांतून, ते गेले हे त्यांना ठाऊक नसतं. मी त्यांना आधी दंडाला धरून दवाखान्यात पाठवते, मग कुत्र्याचं विचारते.

रोज सकाळी मी पोरीला तांब्याभर पाणी देते अन् पिऊन होईस्तोवर समोरून हलत न्हाई. ती कावती. तिच्या मैत्रिणी हसतात.

परवा मोबाईलवरून आमचं भांडण झालं. मी हिसकावून घेतला, दोन शब्द जास्त बोलले अन् चुलीकडं गेले. परत आले तर ती कोपऱ्यात बसलेली, भिंतीकडं तोंड करून. मी हाक मारली. वळली न्हाई. परत हाक मारली. न्हाई. भिंत धरून कशीबशी माठापर्यंत गेले, तांब्या भरला, अर्धं पाणी साडीवर सांडलं, अन् तिच्या खांद्यावरून तो पुढं धरला.

तिनं रागानं तांब्या हिसकला अन् गटागटा प्याली. सगळा. रिकामा तांब्या माझ्या हातात दिला, अन् परत भिंतीकडं वळून बसली. रुसली होती. मी तिच्यामागं जमिनीवर बसले अन् तिच्या पाठीला पाठ लावून लई वेळ रडले.